नाकातील गाठीचे कूळ

१/ तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्याचे, कपाशीच्या पट्ट्यातील गाव. वेचणीच्या दिवसांत कुणाचे नाक चोंदले, तर दोष धुळीला दिला जातो आणि उपाय वाफाऱ्याचा होतो. बहुधा ते योग्यही असते. परंतु एकच नाकपुडी महिनोन्महिने बंद राहिली, वास येईनासा झाला, मधूनमधून रक्त येऊ लागले, तर प्रश्न बदलतो. आत वाढणारी गाठ कोणत्या पेशीची आहे? या प्रश्नालाही इतिहास आहे.

२/ १८५८ साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ विरशो यांनी ठामपणे मांडले की, प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते. म्हणजे गाठ ही शरीराच्याच पेशींची संतती. तेव्हापासून निदान हा एका अर्थी वंशावळीचा शोध झाला.

३/ त्या शोधाला रंग हवा होता, कारण ऊतीचा कोरा काप सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पारदर्शक दिसतो. मध्य अमेरिकेतील लॉगवुड वृक्षाच्या गाभ्यापासून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन युरोपात कापड रंगविण्यास वापरले जाई. १८६०च्या दशकात ते प्रयोगशाळेत आले आणि पेशीकेंद्रे निळी-जांभळी उमटू लागली. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडातील रुग्णाचे निदान आजही या कापडाच्या रंगानेच सुरू होते.

४/ १९२४ साली फ्रान्समध्ये बर्जे आणि ल्युक यांनी नाकाच्या छताशी उगवणाऱ्या एका दुर्मीळ अर्बुदाचे वर्णन केले. आज त्याला ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा म्हणतात. त्या छतावर वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. त्या झिजतात आणि तळाशी असलेल्या मूळ पेशी आयुष्यभर नव्या घडवीत राहतात. हे अर्बुद या घडविणाऱ्या पेशींपासूनच उद्भवत असावे, असे मानले जाते.

५/ अडचण अशी की, लहान, गोल, निळ्या पेशींची गर्दी लिम्फोमातही दिसते, स्नायूंच्या अर्बुदातही आणि कधी मेलॅनोमातही. लिम्फोमाचा उपचार मुख्यतः औषधे आणि किरणांचा. न्यूरोब्लास्टोमाचा मुख्यतः शस्त्रक्रियेचा, पुष्कळदा जोडीला किरणांचा. कूळ चुकले की उपचाराची वाटच चुकते.

६/ महाराष्ट्रात ही दृष्टी रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रगण्य. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राची पदवी घेऊन आलेले खानोलकर १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

७/ पुढे प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्या. सिनॅप्टोफायसिनने पेशींचा चेतागुण उघड होतो. एस-१०० ने त्यांच्या पुंजक्यांभोवतीच्या आधारपेशींची कड उजळते. लिम्फोमाच्या पेशी स्वतःची वेगळी खूण दाखवितात. जे डोळ्याला सारखे दिसे, ते आता वेगळे सांगता येते.

८/ मात्र या साखळीची पहिली कडी मुंबईत नसते. ती असते जिथे गाठीचा तुकडा काढला जातो तिथे, मग ते अकोला असो वा अकोट. साधा मांसांकुर समजून तो फेकला गेला, तर विरशोंपासूनचे सारे ज्ञान निरुपयोगी ठरते. पाण्यात ठेवला, तर पेशी विघटित होतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवला, तर त्या आहे त्या रूपात थांबतात आणि आपले कूळ सांगण्यासाठी वाट पाहतात. हिवरखेडच्या एखाद्या माणसाचे आयुष्य कधीकधी त्या छोट्या बाटलीवर अवलंबून असते.