उन्हाळा पचवलेली वाइन

द्राक्षांचा रस आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर त्यात द्राक्षांपासूनच गाळलेला तीव्र मद्यार्क मिसळून जी वाइन तयार होते, तिला फोर्टिफाइड, म्हणजे बळकटी दिलेली वाइन म्हणतात. आयुर्वेदातील द्राक्षासव याहून वेगळे, कारण त्यातील मद्यार्क आंबण्यातूनच उपजतो, वरून घातला जात नाही. कोल्हापुरात या कुळातले बहुधा एकच नाव परिचयाचे असते, ते घाटाखालून येणाऱ्या गोव्याच्या ‘पोर्ट’चे, आणि निवडीचा विचारही तेथूनच सुरू करणे सोयीचे ठरते.

मूळची पोर्ट पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यातली असून तिच्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्ये आखली गेली. तेथे आंबणाऱ्या रसात ७७ टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क ओततात, त्याने यीस्ट मरते आणि न आंबलेली साखर तशीच मागे राहते. म्हणून ही गोडी द्राक्षाची स्वतःची असते. गोव्यातील पोर्तुगीज राजवट १९६१ मध्ये संपली, तरी बाटलीवरचे नाव टिकले. तिच्यातील द्राक्ष पुष्कळदा ‘बेंगलोर ब्लू’ असते, आणि अमेरिकी वंशाच्या या द्राक्षाचा जॅमसारखा वास बूच काढताच ओळखू येतो. अशी बाटली घेताना लेबलावरील मद्यार्काचा आकडा आधी वाचावा. तो १५ टक्क्यांच्याही खाली असेल, तर नाव काहीही असो, ती बळकटी दिलेली वाइन नव्हे असेच धरून चालावे.

पोर्टपलीकडे पाहू लागल्यावर स्पेनमधील हेरेसची शेरी भेटते, जिच्यात मद्यार्क बहुधा आंबणे पूर्ण झाल्यावर पडतो. तिच्यातील ‘फिनो’ हा कोरडा प्रकार पिंपात ‘फ्लोर’ नावाच्या यीस्टच्या पांढरट सायीखाली मुरतो आणि या सायीमुळे हवेपासून जपला जातो. साहजिकच बाटली उघडल्यावर तो फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावा लागतो. याउलट उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची ‘पेद्रो हिमेनेस’ ही शेरी पेल्यात काकवीसारखी दाट उतरते, आणि गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तिचा काळसर रंग व बेदाण्याचा वास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांचा विचार करता मात्र सर्वांत भरवशाची ठरते ती मदेइरा बेटावरची वाइन. उष्ण समुद्रांतून जहाजाने फिरून आलेली पिंपे अधिक चवदार निघतात, हे ध्यानात आल्यावर तेथील लोकांनी ती ऊब जाणूनबुजून द्यायला सुरुवात केली: काही वाइन ४५ ते ५० अंश सेल्सियसवर निदान तीन महिने तापवतात, तर उत्तम वाइन उन्हाने तापणाऱ्या माळ्यांवर वर्षानुवर्षे ठेवतात. उष्णता आणि हवा या दोन्ही शत्रूंशी तिची गाठ आधीच पडलेली असल्याने उघडलेली बाटलीही कित्येक महिने टिकते. तिच्यात ‘सेर्सियाल’ द्राक्षाची वाइन कोरडी, तर ‘माल्मसी’ची गोड असते.

तांबड्या रश्श्याबरोबर यांपैकी काहीही घेऊ नये, कारण जास्त मद्यार्काने मिरचीचा जाळ वाढतो. जेवण आटोपल्यावर गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर माल्मसीचा लहानसा पेला पुरेसा होतो. ज्याच्या घरी बाटली सांभाळायला थंड तळघर नाही, त्याने नावाजलेल्या पोर्टच्या मागे न लागता मदेइराच निवडावी.