गावं गाळणारा लोडर

लोडर मीच लिहिलेला. पुणे जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, दर गावाची एक सीएसव्ही फाइल. यादीतून गावाचं नाव उचलायचं, त्या नावाची फाइल उघडायची, सरासरी काढायची. माझ्या मॅकवर सगळं सुरळीत. लिनक्स सर्व्हरवर मात्र काही गावं अहवालातून गळायची आणि प्रोग्रॅम हूं की चूं करायचा नाही. कसा करेल? फाइल मिळाली नाही तर मुकाट पुढे जा, ही ओळ माझीच.

गावं कमी आहेत हे अहवाल वाचणाऱ्यांनी दाखवलं, तेव्हा मी नोंदी गोळा करणाऱ्या सहकारी बाईंना फोन लावला. "ताई, फाइली अर्धवट आल्यात."

"अहो, फोल्डर उघडून बघा तरी!"

बघितलं. कऱ्हावागज, गोऱ्हे बुद्रुक, सगळ्या फाइली जागच्या जागी. विंडोजवर इंग्रजी नावात कॅपिटल-स्मॉलची सरमिसळ खपते, लिनक्सवर खपत नाही. त्यात पूर्वी हात पोळले होते, म्हणून पुन्हा तिकडेच खणत बसलो. देवनागरीत कुठलं आलंय कॅपिटल! शेवटी वैतागून त्या फाइलींची नावं हाताने नव्याने टाइप केली. चाललं. का चाललं, ते बघितलंच नाही. ताईंकडून फाइलींची पुढची झिप आली आणि तीच गावं पुन्हा गळाली.

गळणाऱ्या प्रत्येक नावात ऱ होता, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं. नावांचे बाइट छापले. माझ्या यादीतला ऱ म्हणजे युनिकोडचं एकच चिन्ह, क्रमांक 0931, यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट. फाइलच्या नावात साधा र आणि त्याखाली नुक्ता, मिळून 6. पडद्यावर दोन्ही जुळे. ताईंचा मॅक जुना. त्यावरची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावं फोडूनच साठवते. माझ्या मॅकवरची एपीएफएस नाव आलं तसं ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एकच धरते. सर्व्हरवरच्या एक्स्ट4 ला असली समजूतदारी नाही, ती बाइट जुळवते. म्हणजे माझ्या मशिनवर 'चालतंय' हा पुरावाच पोकळ होता.

तरी खोड जाईना. र अधिक नुक्ता दिसला की ऱ घाल, अशी ठिगळाची ओळ लिहिली. मग काम मध्य प्रदेशाच्या हद्दीत गेलं आणि 'छिंदवाड़ा' अडला. एनएफसी हे युनिकोडचं प्रमाणित रूप म्हणजे जोडलेलंच रूप, हा माझा समजही तिथेच गळाला: एनएफसीत ऱ जोडलेला राहतो, ड़ मात्र फुटतो. अखेर पायथॉनच्या युनिकोडडेटातल्या नॉर्मलाइझने यादी आणि फोल्डर, दोन्हीकडची नावं एकाच रूपात आणून मग जुळवली. कुठलं रूप, याला महत्त्व नाही.

ती मुकाट ओळही काढली. आता फाइल मिळाली नाही की लोडर थांबतो. पहिल्यांदा थांबला तो माझ्याच यादीत एका नावामागे राहिलेल्या स्पेसमुळे.