मिरची सोडा, लंगोट बांधा आणि साडेसहा हजार द्या

विषय जरा चावट आहे. शेजारी सासरेबुवा बसले असतील तर नंतर वाचा, पण वाचा.

माझं जाफराबादेत मेडिकल आहे. दुकानात गर्दी असली की काही पोरं बाहेरच रेंगाळतात. गिऱ्हाईक कमी झालं की हळूच विचारतात, "काका, ती सवय सुटायची गोळी असती का?" कोणती सवय, ते विचारावं लागत नाही. हस्तमैथुन. तंबाखू खाणारं पोरगं असं कधी लाजत नाही, ते तर पुडी माझ्या काउंटरवरच ठेवतं.

ह्या पोरांना कुणी कुणी दिलेले सल्ले ऐकण्यासारखे असतात. थंड पाण्यानं अंघोळ करा म्हणे. मे महिन्यात आपल्याकडं ड्रम रांगेत लागतात. दिवसातून तीनदा अंघोळ करून ब्रह्मचर्य पाळायचं तर टँकरच लावावा लागंल. तिखट सोडा म्हणे. पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा एवढा मोठा बाजार, घरोघरी ठेचा-भाकर. ह्या हिशेबानं भोकरदन आणि जाफराबाद दोन्ही तालुके कधीच वाया गेले! (अमेरिकेतले कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. केलॉग हेही शंभरेक वर्षांपूर्वी मसालेदार खाऊ नका म्हणूनच सांगत. म्हणजे येडेपणा एकट्या आपलाच नाही.) एकांत टाळा म्हणे. दोन खोल्यांत सात माणसं, एकांत आहे कुठं? आणि शेवटचा रामबाण: लग्न लावून द्या. अहो, शेती करणाऱ्या पोराला पस्तिशीपर्यंत पोरगी मिळंना, अन् तुम्ही हा सल्ला देता?

खरी भीती घालते ती 'एक थेंब धातू म्हणजे शंभर थेंब रक्त' ही गोष्ट. जरा हिशोब करू. एका वेळी साधारण तीन मिली धरले तर रक्त गेलं तीनशे मिली. शिबिरात एका माणसाचं साडेतीनशे मिली रक्त घेतात आणि पुढं तीन महिने ये नको म्हणतात. अंगात रक्त पाच लिटर. म्हणजे सतराव्या वेळी पोरगं संपलंच पाहिजे. प्रत्यक्षात ते कबड्डी खेळतंय, कापसाची गाठोडी उचलतंय.

पण एक पोरगं खरंच बसून गेलं होतं. पोलीस भरतीसाठी रोज 1600 मीटर धावायचं. कुण्या लॉजवर बसणाऱ्या वैद्यानं 'आतून पोकळ झालास' म्हणून सांगितलं, तेव्हापासून ग्राउंड बंद. झोप नाही, जेवण नाही. कापूस वेचून जमवलेले साडेसहा हजार देऊन चूर्ण आणलं होतं. डबा मी उलटापालटा करून बघितला. बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, कंपनीचं नाव नाही. त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही, स्वप्नदोष हा दोषच नाही. पोराला भीतीनंच पोखरलं होतं.

अशा जाहिरातींविरुद्ध 1954 चा केंद्राचा कायदा आहे. लैंगिक ताकद वाढवतो अशी औषधाची जाहिरात करणं गुन्हा, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी रस्त्याकडच्या भिंती बघा, मोबाईल नंबरासकट रंगलेल्या.

उलट खरं सांगणाऱ्याला मात्र कोर्टात ओढलं. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवर 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. त्यात हस्तमैथुनाचेही प्रश्न होते. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. कर्वे 1953 मध्ये गेले तोवर मासिक चालवत राहिले.

किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिकची योजना आहे. सल्ला फुकट, नाव बाहेर जात नाही. भिंत रंगवायचीच असेल तर ते रंगवा. आठवी ते बारावीच्या पोरांना डॉक्टरनं येऊन तासभर बोलावं, ही मागणी मी येत्या पालकसभेत करणार आहे. सोबत कोण कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.