वजनाचा हिशेब

नमुन्याची विमाने बांधणाऱ्याला हटकून विचारले जाते, की तासाभरात उडवता येईल असे तयार विमान बाजारात मिळत असताना बाल्साच्या पट्ट्या तासण्यात महिने का घालवावेत. प्रश्न रास्त आहे. आणि ज्याला फुरसत नाही, किंवा ज्याला केवळ उड्डाणाची विद्या हस्तगत करायची आहे, त्याला फोमचे तयार विमान उत्तम गुरू ठरते, हेही मी मनापासून मान्य करतो. परंतु विमानाच्या अंगी वजन कोठे, किती आणि कशासाठी आहे, याचा हिशेब बांधणीवाचून उमगत नाही.

इक्वेडोरहून येणारे बाल्साचे लाकूड इतके विषम असते, की एकाच मापाच्या दोन पट्ट्यांपैकी एक दुसरीच्या दुप्पट भरावी. संचामध्ये भाग कापूनच येत असल्यामुळे ही निवड कारखान्याने परस्पर केलेली असते. नुसत्या आराखड्यावरून बांधू लागले, म्हणजे ती सर्वस्वी आपल्या अखत्यारात येते. पृष्ठावर रेशमी ठिपके दिसणारी ताठ पट्टी फासळ्यांसाठी राखावी, लांब सरळ रेषांची लवचीक पट्टी पंखाच्या गोलसर पुढच्या कडेवर वळवावी, आणि सर्वांत हलकी शेपटीला द्यावी. कारण शेपूट गुरुत्वमध्यापासून दूर असल्याने तेथे वाढलेला एक ग्रॅम तोलण्यासाठी आखूड नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसे भरावे लागते.

फ्रान्समधील आल्फोंस पेनो याने पिळलेल्या रबराच्या बळावर 1871 साली पॅरिसमध्ये आपले छोटे विमान 11 सेकंद उडवले. त्याच्याच धर्तीचे एक उडते खेळणे 1878 साली राइट बंधूंना वडिलांनी आणून दिले, आणि त्या मुलांनी स्वहस्ते त्याच्या प्रतिकृती केल्या; मोठ्या आकाराच्या प्रतिकृती मात्र उडेनात. आकार दुप्पट केला की पंखांचे क्षेत्र चौपट होते, पण वजन आठपट होते, हा निसर्गाचा दस्तूर त्यांच्यापुढे उभा राहिला तो विकतच्या खेळण्यामुळे नव्हे, तर ते स्वतः मोठे करून पाहण्याच्या खटाटोपामुळे.

म्हणून होतकरू मुलाला माझी शिफारस अशी, की पहिले विमान खुशाल तयार घ्यावे, दुसरे संचातून जुळवावे, आणि तिसऱ्याच्या वेळी आराखडा फळीवर पसरून, त्यावर मेणकागद अंथरून, पहिली फासळी आपल्या हाताने कापावी. मग विमान डावीकडे कलंडले तर कोणत्या पंखाला पीळ पडला आहे हे त्याला ओळखता येईल, मोडले तर सांधता येईल, आणि पुढचे अधिक हलके कसे करावे याची तजवीज त्याच रात्री सुरू करता येईल.