पहाटेचे विमान आणि पेंगुळलेली मुले

शाळेला सुट्ट्या लागल्या की आपल्या वस्त्यांतून पूर्वी एकच बेत ठरत असे, मामाच्या गावाला जायचे. एस.टी.ची लाल गाडी, मळमळू नये म्हणून हातात लिंबू आणि खिडकीसाठी भावंडांची मारामारी. आता दिवस थोडे पालटले आहेत. वर्षभर पैसे बाजूला टाकून चार दिवस मुलांना कुठेतरी लांब न्यावे असे पुष्कळांना वाटू लागले आहे, आणि त्यातले काहीजण विमानाने जातात. पण आपल्यासारख्यांच्या वाट्याला जे तिकीट येते ते बहुधा पहाटेचे असते. कारण उघड आहे, ते स्वस्त असते. तेव्हा पहाटेचे विमान आणि लहान मुले या विषयावर आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी वाचक बंधु-भगिनींना सांगाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब नागपूरहून बंगळुरूला आणि तेथून म्हैसूरला गेलो. थोरली नऊ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. नागपूरहून बंगळुरूला रेल्वेही आहे, संघमित्रा एक्स्प्रेस आमच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु त्यात एक रात्र आणि वर बराचसा दिवस जातो. सुट्टी अवघी सहा दिवसांची. विमानाला लागतात पावणेदोन तास.

आम्ही वाणिज्य शाखेचे, जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पहाटे पाच-चाळीसचे तिकीट दुपारच्या तिकिटापेक्षा माणशी नऊशे रुपयांनी कमी होते. दोन वर्षांच्या आतले मूल मांडीवर बसते, त्याला थोडेच पैसे पडतात. दोन वर्षे पूर्ण झाली की त्याला स्वतःची खुर्ची आणि जवळजवळ मोठ्या माणसाइतकेच भाडे. म्हणजे आमची चार तिकिटे आणि छत्तीसशे रुपयांची बचत. आता खर्चाची बाजू पाहा. दिवसा निघालो असतो तर इंदोरा चौकातून मेट्रोत बसून थेट विमानतळाच्या स्थानकावर उतरलो असतो. पण मेट्रो सुरू होते सकाळी सहाच्या सुमारास, तेव्हा आमचे विमान आकाशात. म्हणून रात्री तीनला ऑटो, त्याचे चारशे रुपये. विमानतळावरचा चहा-नाश्ता आम्ही हिशेबात धरला नाही, कारण तो करायचाच नाही असे घरूनच ठरले होते. तरीही शिल्लक चांगली राहते.

परंतु झोपेचे खाते कोणत्याच खतावणीत नसते. साडेपाचच्या विमानासाठी तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते, उड्डाणापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे आत सोडणारे दार बंद होते. मुलांना घेऊन दोन तास आधी पोहोचलेले बरे. म्हणजे घरून सव्वातीनला निघणे आणि अडीचला उठणे. हे झाले आमचे. मुलांच्या आईचे काय? डबा भरणे, गॅसचा कॉक पुन्हा पुन्हा पाहणे, धाकट्याला शू करवून आणणे, ह्यात ती बारानंतर आडवी झालीच नाही. छत्तीसशे रुपये वाचले खरे, पण ते कोणाच्या रात्रीतून वाचले हे घरातील पुरुषांनी लिहून ठेवण्यासारखे आहे. आम्ही बॅगा संध्याकाळीच बांधून दाराशी ठेवल्या, डबा धुण्या-भरण्याचे काम अंगावर घेतले, थोरलीने भावाचे कपडे काढून दिले. तरी आईची झोप आईचीच गेली.

ह्याउपर पहाटेच्या विमानाचे दोन फायदे आहेत, ते पैशांपलीकडचे. पहिला म्हणजे ते सहसा वेळेवर सुटते. एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फेऱ्या मारते, सकाळी कुठे अर्धा तास उशीर झाला की तो दुपारपर्यंत वाढत जातो. पहाटेचे विमान बहुधा रात्रीच येऊन उभे असते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे जाणाऱ्यांनी मात्र ह्यावर विसंबू नये, तेथे धुके पहाटेच दाट असते. दुसरा फायदा आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्याचा. दुपारी जमीन तापली की गरम हवा वर उसळते आणि त्या हवेत विमानाला गचके बसतात. मुलांना उलट्या होतात त्या ह्यामुळे. पहाटे हवा निवळ असते. गाडी लागणारे मूल घरात असेल तर एवढ्या एका कारणासाठीही पहाटेचे विमान घ्यावे असे आमचे मत आहे.

आदल्या संध्याकाळी मुलांना साडेसातला जेवू घालून निजवावे असा बेत होता. पण विमानात बसायचे म्हटल्यावर झोपतो कोण! त्यातून शेजारपाजारची मंडळी भेटायला आलेली. थोरलीला नऊला झोप लागली, धाकट्याला साडेदहाला. मुलांना निजवतानाच प्रवासाचे सुती कपडे घातले होते, ही युक्ती फार कामाची ठरली. अडीच वाजता दिवे लावून, हाका मारून मुलांना उठवण्याचे कारण पडले नाही. धाकट्याला चादरीसकट उचलले आणि ऑटोत ठेवले.

ऑटोवाले भाऊ वयस्कर होते. त्यांनी वळून विचारले, "कुठं चालले जी एवढ्या रातच्याला लेकरं घेऊन?" म्हैसूर सांगितल्यावर त्यांनी पुढचा सगळा रस्ता गाडी अलगद चालवली. कामठी रोड, कस्तुरचंद पार्क, झिरो माइल, सीताबर्डी. मे महिन्यात नागपूरकरांना एवढी गार हवा याच वेळी मिळते. राहाटे कॉलनीच्या चौकात उजवीकडे दीक्षाभूमीचा रस्ता फुटतो, तेथे थोरलीने सवयीने हात जोडले. पुढे वर्धा रोडवरचा दुमजली पूल, खाली रस्ता, मध्ये रस्ता आणि सर्वांत वर मेट्रोचा रूळ. दिवसा गर्दीत तो कधी नीट दिसत नाही.

विमानतळाच्या दाराशी दिव्यांच्या उजेडात थोरलीने नाव मोठ्याने वाचले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. २००५ साली हे नाव देण्यात आले. रांगेतल्या दोघा-तिघांनी तिच्याकडे वळून पाहिले. तिला त्याचे काही नव्हते, तिने धाकट्याला जागे करून त्यालाही वाचून दाखवले.

या सोनेगावच्या धावपट्टीला रात्रीची सवय जुनी आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार दिशांहून टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची येथे अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी विमाने आपापल्या गावी परत निघत. नागपूर देशाच्या मधोमध, त्याचा हा उपयोग. सबंध देशाची पत्रे आमच्या गावावरून रात्रीतून जात होती, हे सांगितल्यावर थोरलीने विचारले, "मग टपालवाले काका झोपत कधी होते?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आतच मिळाले. चार वाजता स्वच्छतागृहाजवळ दोन भगिनी फरशी पुसत होत्या. आमच्या सहचारिणी धाकट्याला घेऊन तेथे गेल्या तेव्हा त्यातल्या एकीने त्याच्या गालाला हात लावून विचारले, "झोपेतून उचलून आणलं का ताई याले?" मग म्हणाली, "आमचेही लेकरं झोपेतच असतात जी, आम्ही निघतो तवा. सासूबाई उठवते अन् शाळेत धाडते." आपली एक रात्र जागून झाली तर आपण त्याचा लेख लिहितो. तिची पाळी महिन्यातून कितीदा रात्रीची येत असेल?

तपासणीच्या ठिकाणी लहान मुलांच्या पालकांनी एक ध्यानात ठेवावे. खेळण्यातले पिस्तूल हातातल्या सामानात चालत नाही. धाकट्याने आपले निळे पिस्तूल पिशवीत लपवले होते, ते यंत्रात दिसले. जवानाने हसून ते बाजूला काढले आणि पोराने हंबरडा फोडला. असल्या वस्तू घरीच पाहून काढाव्यात किंवा मोठ्या बॅगेत टाकाव्यात. आमच्या पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि लाडू मात्र बिनतक्रार आत गेले. पाण्याची बाटली रिकामी नेली, आत नळावर भरली. साडेचारला भर विमानतळावर डबा उघडायला संकोच वाटतो असे काहीजण म्हणतात. आम्ही तर सतरंजीचा तुकडाही नेला होता, त्यावर थोरली अर्धा तास निजली.

धाकट्याचे रडणे थांबेना तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ कोणालाच उद्देशून नाही असे म्हणाले, "एवढी लहान मुले घेऊन लोक या वेळेला निघतातच कशाला?" आमच्या सहचारिणी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, दुपारच्या तिकिटाचा फरक तुम्ही देता का?" गृहस्थ ओशाळले. नंतर त्यांनीच खिशातून एक गोळी काढून पोराला दिली, आणि ती गोळी पुढे उपयोगी पडली, ते सांगतो.

विमान खाली उतरू लागले की कान दुखतात. कान आणि घसा जोडणारी एक नळी असते, गिळताना ती उघडते आणि कानातला दाब सारखा होतो. मुलांची ही नळी अरुंद, त्यात सर्दी असली तर दुखणे अधिक. मोठी माणसे आवंढा गिळतात. झोपलेले मूल फारसे गिळत नाही. पहाटेच्या विमानात नेमके हेच होते, पोरे वर जाताच झोपतात आणि उतरताना किंचाळत उठतात. म्हणून कितीही जिवावर आले तरी उतरण्याच्या अर्धा तास आधी मुलाला उठवावे. तान्ह्याला उतरताना अंगावर पाजावे, मोठ्याला घोटघोट पाणी द्यावे. आम्ही पाणी दिले, आणि नीट जागा झाल्यावर धाकट्याने ती गोळी चघळली. सर्दी असलेल्या मुलाला आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

जागांविषयीही थोडे. मुले दुसऱ्या रांगेत बसतील ह्या भीतीने पुष्कळजण जागा निवडण्याचे वेगळे पैसे भरतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना बजावले आहे की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पी.एन.आर. वर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ जागा द्यावी. तेव्हा सर्वांची तिकिटे एकत्र काढावीत आणि खिडकीवर हे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. आम्ही सांगितले. चारांपैकी तीन जागा डाव्या हाताला एकत्र मिळाल्या, चौथी पलीकडची.

डाव्या हाताची गंमत अशी की नागपूरहून दक्षिणेला जाताना पूर्व डावीकडे येते. मे महिन्यात साडेपाचनंतर उजाडू लागते. विमान वर चढत असताना ढगांची कड आधी तांबूस झाली, मग त्याखालून सूर्य आला. थोरली काही बोललीच नाही. धाकटा झोपला होता, त्याला उठवावे की नाही ह्यावर आम्हा उभयतांत कुजबुजून वाद झाला. उठवले नाही.

बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला आहे, २००८ पासून. शहर तेथून तीस-पस्तीस किलोमीटर दूर. आम्हाला शहरात जायचेच नव्हते. कर्नाटक राज्य परिवहनची बस विमानतळावरूनच म्हैसूरला जाते, चारेक तास लागतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असाच पहाटेचा प्रवास करून त्याच दिवशी तीन स्थळे पाहण्याचा घाट घातला होता. दुपारी एक मूल खांद्यावर, दुसरे रस्त्यात बसलेले आणि आई-वडील एकमेकांवर डाफरत, असा त्यांचा दिवस गेला. पहाटे निघाल्याने एक दिवस वाचतो हे म्हणणे मुलांच्या बाबतीत खोटे आहे. तो दिवस आम्ही सरळ खर्चात टाकला. शनिवारी दुपारी खोलीवर पोहोचलो, दारे लावली आणि चौघेही सात वाजेपर्यंत झोपलो.

शनिवार निवडण्याला कारण होते. १९१२ साली पुरा झालेल्या म्हैसूरच्या राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी सुमारे लाखभर दिवे एकदम लागतात. आणि १८९२ पासूनचे तेथील प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून ते सोमवारी पाहून घेतले. धाकट्याने जिराफ पाहून पिस्तुलाचे दुःख विसरल्याचे जाहीर केले.

परतीची तिकिटे आम्ही संध्याकाळची काढली होती. माणशी सातशे रुपये जास्त पडले. नागपूरला उतरल्यावर मेट्रो चालू होती, इंदोरा चौकात उतरून चालत घरी गेलो. मुलांच्या आईने बॅगा तशाच ठेवल्या, दहाला अंग टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठली.