कुत्रं सोडायच्या आधी फरशी उचलून पाहा

जरा मोठी पोस्ट आहे आणि विषय वासाचा आहे. जेवत असाल तर नंतर वाचा.

ऑगस्टपासून आपल्या सगळ्या ग्रुपवर कुत्र्यांवरून भांडणं चालू आहेत. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीची सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. 22 ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं ते बदललं: नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि चावरी मात्र सोडू नका. मग 7 नोव्हेंबरचा आदेश आला, शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवा म्हणून. अकोल्याचे अर्धे लोक एका बाजूला, अर्धे दुसऱ्या. मी कुठंच कमेंट केली नाही. कारण त्याच महिन्यांत आमच्याच घरातलं एक कुत्रं रस्त्यावर जायच्या बेतात होतं.

शेरू तेरा वर्षांचा. बाबांनी आणलेला. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, पण हा अजून मधल्या खोलीत त्यांच्या खाटेपाशीच झोपतो. मागच्या हिवाळ्यापासून तो तिथंच लघवी करायला लागला. आम्ही पुसायचो, फिनाइल टाकायचो, विषय संपला असं वाटायचं. उन्हाळा तसाच निघाला. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीचं दार उघडलं तर डोळ्यांत पाणी आलं. पाहुणे ओसरीवरूनच जाऊ लागले. शेजारच्या काकूंनी आईला सरळ विचारलं, "मायबाई, तुमच्या इथं काई मेलं का वो?"

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. आधी संडासाचं अ‍ॅसिड ओतलं. फरशी फसफसली. मला वाटलं घाण निघू राह्यली. निघत होता तो दगड. शहाबादी म्हणजे चुनखडक, कोटाही तोच. अ‍ॅसिड त्याला खातं, वरची चकाकी जाते, बारीक छिद्रं उघडी पडतात आणि पुढची लघवी अजून आत मुरते. मग कोणीतरी ब्लीचिंग पावडर सांगितली. तीही टाकली, त्याच जागी. आईला आणि मला इतका ठसका लागला की दोघी अंगणात पळालो. अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पडलं की क्लोरिन वायू निघतो, आणि लघवीच्या अमोनियाशीही त्याचा विषारी वायू होतो. बंद खोलीत हा खेळ जीवावर बेतू शकतो, हसण्यावारी नेऊ नका. आईनं शेवटी गोमूत्र शिंपडलं. एका मुताचा वास दुसऱ्या मुतानं कसा जाईल हे मी विचारलं नाही, तिचा राग परवडत नाही.

रक्षाबंधनाला भाऊ अमरावतीहून आला. जेवण अंगणात केलं. जाताना म्हणे, "ताई, कायले जीवाले त्रास करून घेतं वो? मूर्तिजापूरच्या अलीकडं ढाबा हाय, तिथं सोडून देतो. खायले भेटते त्याले." वाईट माणूस नाही तो. शेरूला बाटलीनं दूध त्यानंच पाजलं होतं. आई आत निघून गेली. मीही "पाहू" म्हटलं. हे लिहायला लाज वाटते, पण म्हटलं.

ढाब्यावर सोडलेलं घरचं कुत्रं हेच पुढं ग्रुपवरचं 'मोकाट' होतं ना? आमच्या गल्लीतल्या दोघांच्या गळ्यात मी आली तेव्हा पट्टे पाहिले आहेत. पट्टा घेऊन कोणी रस्त्यावर जन्मत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात जनावर असं उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड ठाऊक आहे? 10 ते 50 रुपये. एका ताटाचेही पैसे नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात शेरूला इथल्या पशुवैद्यकीय संस्थेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी जास्त पितो का?" आम्ही त्याला वर्षभर रागावत होतो, आणि त्याच्या लघवीत संसर्ग निघाला, किडनीही थकलेली. म्हातारं कुत्रं अचानक घरात मुतायला लागलं तर ती खोडी नसते, बऱ्याचदा आजार असतो. औषधानं बरंच थांबलं. रात्री दोनदा बाहेर न्यावं लागतं, तेवढं मी करते.

पण वास? तो जागचा हलला नाही. मग आमच्या गल्लीतल्या सोनाराकडून नोटा तपासायचा निळा दिवा मागून आणला. रात्री सगळे लाइट बंद करून जमिनीवर धरला. सुकलेली लघवी त्या उजेडात पिवळसर चमकते. मला वाटलं खाटेपाशी एक डाग दिसेल. दिसल्या रेघा! फरशीच्या सांध्यासांध्यांतून भिंतीपर्यंत गेलेल्या.

ऑक्टोबरच्या उन्हात मिस्त्री बोलावला. त्यानं सब्बल घालून एक फरशी उचलली आणि नाकाला दुपट्टा बांधला. "बाई, फरशीले काई नाई झालं. खालचा मुरूम सडला." त्यानंच समजावलं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. घर वर्षानुवर्षं खालीवर होतं, फरशी दबते, सांध्यातलं सिमेंट सुटतं. वरून केसाएवढी फट दिसते, पण लघवी थेट खालच्या चुरीत आणि मुरमात. तिथं जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, क्षार मागे राहतात. कोरड्यात गप्प बसतात, पावसाळ्यात ओल धरली की पुन्हा वास. म्हणून आमचा उन्हाळा सुखात गेला होता. आजीच्या मातीच्या घरात हा प्रश्नच नव्हता. पोपडा खरवडायचा, नवा पोतेरा फिरवायचा, झालं.

सहा फरशा निघाल्या. सात-आठ घमेले मुरूम बाहेर फेकला, वास येईना तिथपर्यंत खोदलं. खड्ड्यात आणि फरशांच्या पाठीवर एन्झाइमचं औषध ओतलं. ते ऑनलाइन मिळतं. त्याच्याआधी फिनाइल किंवा ब्लीचिंग अजिबात नको, नाहीतर औषध तिथंच मरतं. ते ओलं राहायला पाहिजे, म्हणून वर प्लास्टिक टाकून रात्रभर ठेवलं. मग दहा दिवस खोली उघडी, पंखा चालू. नवा मुरूम, चुरी, सिमेंटचा थर, त्याच फरशा परत आणि सांधे गच्च भरून. धुवायला नळाचंच पाणी साठवून वापरलं, आमच्या बोअरचं पाणी खारं आहे आणि जमिनीत अजून क्षार घालायची हौस नव्हती. मिस्त्रीची दोन दिवसांची मजुरी, माल आणि औषध धरून खर्च नव्या टीव्हीपेक्षा कितीतरी कमी आला.

मांजर असलेल्यांना एक सांगते, काळं फिनाइल मांजराला विषारी आहे. ते घरात ठेवूच नका.

दिवाळीच्या आधी मी त्या खोलीत बादलीभर पाणी टाकलं, खिडक्या बंद केल्या, सकाळी आईला आत पाठवलं. ती पाच मिनिटं बाहेर आली नाही. जाऊन पाहिलं तर बाबांच्या खाटेवर बसली होती आणि शेरू खाली.

भाऊबीजेला भाऊ आला. मधल्या खोलीत बसून चिवडा खाल्ला, दोन कप चहा घेतला. ढाब्याचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. निघताना शेरूच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होता.

खरी परीक्षा मृगात आहे. वास आला तर तेही इथं लिहीन. आणि अमरावती-अकोल्यात एन्झाइमचं औषध कोणत्या दुकानात मिळतं हे कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, ऑनलाइनची बाटली यायला आठ दिवस लागतात.