त्रेवीचे नाणे

परतीच्या दिवशी पाय परदेशात आणि चित्त घरच्या उंबरठ्यावर असते. धाकट्या भावाच्या कुटुंबासह केलेल्या रोमच्या सहलीत अखेरच्या सकाळी आम्ही त्रेवीच्या कारंज्यापाशी गेलो. १७६२ साली पूर्ण झालेल्या या कारंज्यात पाठमोरे उभे राहून खांद्यावरून नाणे टाकल्यास रोमला पुन्हा येणे घडते, असा लोकसमज आहे. पुतण्यांनी हौसेने नाणी टाकली. ऐंशी वर्षांची आई मात्र म्हणाली, ‘माझे आता कसले पुन्हा येणे?’ ही नाणी कारितासमार्फत गोरगरिबांच्या उपयोगी पडतात, असे मी सांगितले. तेव्हा तिने पिशवीतून नाणे काढले आणि कारंज्याकडे तोंड करूनच ते पाण्यात सोडले. निरोप घेताना आपण पुन्हा येण्याचा विचार करतो. आईने मागे राहणाऱ्यांचा केला.